उशिरा आलेलं उत्तर

गोव्यातलं पेडणं, सकाळचे सात. मोपाला उतरणारं विमान माडांवरून घरघरत जातं आणि इकडे मुलगा विचारतो, "आये, च्या घेतलंस?" पंचाहत्तरीची आई नुसती बघत राहते. तो पुन्हा विचारतो, मग आवाज चढवून, मग वैतागून स्कूटरला किक मारतो. तुम्ही थांबा. तो वळणाआड गेल्यावर ती म्हणते, "घेतलंय."

प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या त्या वेळात तुम्हाला शिरायचंय. शिरलात की तुम्ही तिच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात असता. जवळजवळ निम्मा मेंदू हाच. लांबलांबचे कोपरे जोडणारे तंतू, आणि त्यांच्यावर ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींनी गुंडाळलेले चरबीचे पदर, म्हणजे मायलिन. वेष्टन शाबूत असलं की निरोप कित्येक पटींनी वेगात जातो. इथे पदर सुटलेत, काही तंतू उघडे पडलेत. वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या आवळल्यात. निरोप पोचतो, पण रखडत.

आता साठेक वर्षं मागे चला. ऑक्टोबर 1961, पोर्तुगीज अमदानीतला शेवटचा पावसाळा सरलाय. पेडण्याची पुनव आहे. रवळनाथ-भूतनाथ या देवांची तरंगं, म्हणजे सजवलेले देवखांब, निघालीत आणि गर्दीत बारा वर्षांची मुलगी, म्हणजे हीच आई, टाचा उंचावून बघतेय. तिच्या डोक्यात डोकावा. बघण्या-चालण्याच्या तंतूंवर वेष्टन केव्हाच चढलंय. कपाळामागच्या, बेत आखणाऱ्या भागाचं काम अजून बरीच वर्षं चालणार आहे. हा क्रम लाइपझिगच्या पॉल फ्लेक्सिगने अर्भकांचे मेंदू तपासून ओळखला होता. जे सगळ्यांत उशिरा झाकलं जातं तेच आधी उघडं पडतं, असं पुढे लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बार्टझोकिस यांनी सुचवलं. तो तर्कच आहे, पण ही मुलगी बघितल्यावर तुम्हाला तो झिडकारवत नाही.

आणखी मागे. फ्रांकफुर्ट, नोव्हेंबर 1901. डॉक्टर आलॉइस अल्झायमर 51 वर्षांच्या ऑगुस्टे या रुग्णाला नाव विचारतोय. "ऑगुस्टे." नवऱ्याचं नाव? तेही "ऑगुस्टे." ती 1906 मध्ये गेल्यावर त्याने चांदीच्या रंगद्रव्याने मेंदूचे काप रंगवले, त्यात गुंते आणि डाग दिसले, आणि विज्ञानाची नजर बराच काळ तिथेच खिळली. ऑटो बिन्सवांगर याने 1894 मध्येच पांढऱ्या भागाच्या झिजेबद्दल लिहून ठेवलं होतं. ते दुसऱ्याच खात्यात जमा झालं. माझ्या मते इथेच गफलत झाली. 2023 मध्ये ग्योटिंगेनच्या संशोधकांना उंदरांत दिसलं, की मायलिन बिघडलं तर ॲमिलॉइड प्रथिनाचे तेच डाग वाढतात. साफसफाईच्या पेशी तुटलेलं मायलिन आवरण्यातच गुंततात.

परत गोव्यात या, पण 2001 मध्ये उतरा. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा अभ्यास सांगतोय, की लोकांना म्हातारपणातल्या स्मृतिभ्रंशाची लक्षणं ओळखता येतात, पण त्यांच्या लेखी ती आजारात मोडत नाहीत. मुलांनी नीट बघितलं नाही म्हणून असं झालं, असं मानतात. मुलाच्या वैतागामागे हाही बोल असतो. मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली 81 कुटुंबं निवडली आणि त्यांतल्या अर्ध्यांच्या घरी प्रशिक्षित स्थानिक माणसं पाठवली. ती आजार समजावत, वागण्याच्या तक्रारींवर तोडगा सुचवत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आला: सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे घटला.

गेलेलं मायलिन परत आणणारं औषध अजून नाही. उरलेलं राखता येतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रक्तदाबाचा वरचा आकडा 120 च्या खाली आणायचा प्रयत्न ज्यांच्यावर झाला, त्यांच्या पांढऱ्या भागाची हानी 140 वर समाधान मानलेल्यांपेक्षा कमी वाढली, असं 2019 मध्ये दिसलं. त्या मुलाने आईला डॉक्टरकडे नेलं, तर त्याच खेपेला स्वतःचाही रक्तदाब मोजून घ्यावा.