बोटावरचा आकडा: चौऱ्याण्णव म्हणजे किती?

पहाडगंजातून बोलतोय. नवी दिल्ली स्टेशनला लागून असलेली ही दाट वस्ती, इथे मराठी मंडळींचाही जुना राबता आहे. २०२० साली दिल्ली सरकारनं घरीच विलगीकरणात असलेल्या कोरोना रुग्णांना पल्स ऑक्सिमीटर दिले आणि त्यांना ‘सुरक्षा कवच’ म्हटलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथकं हाच चिमटा घेऊन दारोदार फिरली. आकडा ९५च्या खाली गेला की काळजी, हे घराघरांत पाठ झालं. हा आकडा आला कुठून, आणि तो काय सांगत नाही, ते आज पाहू.

सुई न टोचता रक्तातला ऑक्सिजन मोजायची गरज आधी वैमानिकांना पडली. दुसऱ्या महायुद्धात उंचावर त्यांची शुद्ध हरपायची. म्हणून अमेरिकेत ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून मोजणारं यंत्र केलं. ऑक्सिजनयुक्त रक्त लालभडक असतं, ऑक्सिजन कमी झाला की ते काळपट होतं, एवढंच त्यामागचं तत्त्व. पण त्वचा, मांस, शिरांतलं रक्त, सगळंच प्रकाश शोषून घेतं. त्यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं?

हे कोडं जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवलं. ते हृदयाचा रक्तप्रवाह मोजत होते आणि नाडीचे ठोके त्यात व्यत्यय आणत होते. तो व्यत्यय घालवता घालवता त्यांच्या ध्यानात आलं, की ठोक्यागणिक बदलतो तो भाग मुख्यतः धमनीतल्या रक्ताचाच! जो अडथळा होता, तोच उत्तर ठरला.

आता मुद्द्याचं. एक रुग्ण साध्या हवेवर आहे, आकडा ९४. दुसरा ६० टक्के ऑक्सिजनवर आहे, त्याचाही आकडा ९४. दोघांची फुप्फुसं सारखी का? नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे ०.२१. ९४ला ०.२१ने भागा, सुमारे ४४८ येतात. ९४ला ०.६०ने भागा, येतात १५७. फुप्फुसाची इजा किती, हे या भागाकारात दिसतं.

फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेचं, एआरडीएसचं, पहिलं वर्णन १९६७ सालचं, अवघ्या १२ रुग्णांवरचं. २०१२च्या बर्लिन व्याख्येनं निदानासाठी धमनीतल्या रक्ताची तपासणी आणि श्वसनयंत्राचा आधार, दोन्ही मागितलं. मग जिथे ही साधनं नाहीत, तिथले रुग्ण मोजायचे कसे? रवांडातल्या किगालीच्या एका रुग्णालयात १०४६ रुग्ण पाहिले गेले. बर्लिनच्या निकषात एकही बसला नाही. निकष सैल करून बोटावरचा आकडा आणि ३१५चा भागाकार धरल्यावर ४२ रुग्ण सापडले. त्यातले निम्मे दगावले. तो अभ्यास २०१६ साली छापून आला. पुढे २०२३च्या जागतिक व्याख्येनं हा भागाकार मान्य केला. अट एवढीच, की बोटावरचा आकडा ९७पेक्षा जास्त नसावा. कारण त्यावर रक्तातला ऑक्सिजन कितीही वाढला, तरी आकडा फारसा हलत नाही.

आणखी एक सावधगिरी. २०२०च्या शेवटी अमेरिकेतला एक अभ्यास आला. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं खरं प्रमाण ८८च्याही खाली होतं, असं कृष्णवर्णीयांच्या सुमारे १२ टक्के मोजण्यांत आढळलं, गोऱ्यांच्या सुमारे ४ टक्के. आपल्याकडे सावळी कातडी घरोघरी आहे, तेव्हा ही गोष्ट आपलीही आहे.

म्हणून घरातलं कुणी आजारी असलं, तर डॉक्टरांना फक्त ‘चौऱ्याण्णव आहे’ असं सांगू नका. ऑक्सिजन लावलाय का, किती लिटरचा, मिनिटाला श्वास किती, बोलताना धाप लागते का, तेही सांगा. बोटं गार असतील तर आधी चोळून ऊब आणा. नखपॉलिश काढा. आणि आकडा चांगला असूनही माणूस धापा टाकत असेल, तर आकड्यावर विसंबून घरी थांबू नका.