सोडियमच्या चिन्हातली अरबी

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात रसायनशास्त्रही उर्दूतून शिकवीत. अब्बा नांदेडला उर्दूतून शिकले, मी लातूरला मराठीतून. त्यांची वही आज घरातल्या मुलांना वाचता येत नाही. ओळखू येतात ती फक्त रासायनिक सूत्रे. धुण्याचा सोडा घ्या. सोडियमची संयुजा 1, कार्बोनेटची 2. आकडे तिरके फिरवायचे, म्हणून सोडियमखाली 2.

पण सोडियमचे चिन्ह ‘एनए’ का? स्वीडनच्या बर्झेलियस यांनी 1814 च्या सुमारास लॅटिन नावांवरून चिन्हे ठरविली. त्यातले नॅट्रियम आले इजिप्तच्या खारावरून, अरबीत नतरून. पोटॅशियमचा ‘के’ तर थेट अरबी ‘अल्-कली’मधला, म्हणजे झाडांची राख!