आगोटीची बेगमी

पर्जन्यकाळात कुटुंबास घरातच निर्वाह करता यावा म्हणून कोकणात मृगापूर्वी केली जाणारी अन्नसरपणाची तजवीज. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या (पहा : मॉन्सून) आगमनासरशी गलबते किनाऱ्यावर ओढली जात, तरींची ये-जा थांबे व बाजारपेठेशी दळणवळण तुटे, त्यातून ही वहिवाट रूढ झाली; गोमंतकात तीस ‘पुरुमेंत’ म्हणतात. तांदूळ, कुळीथ, आमसुले, मीठ, मिरची, सुके बोंबील हा मुख्य साठा. तथापि खरी भिस्त पडवीत रचलेल्या कोरड्या लाकडांवर, कारण सरपण भिजल्यास भरल्या कणगीचाही उपयोग उरत नाही. दमट हवेत पाणी सुटणारे मीठ चुलीच्या उबेशी ठेवीत. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतील अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्याने या पूर्वसिद्धतेचे महत्त्व अधोरेखित झाले (पहा : आपत्ती व्यवस्थापन, चक्रीवादळ).