बैठक आणि वल्हे

मराठीत ‘बैठक’ म्हणजे केवळ बसण्याची जागा नव्हे. एका कामाला दीर्घकाळ धरून राहण्याची शक्तीही त्या शब्दात येते. गवयाला बैठक लागते, अभ्यासकाला लागते. एकट्याने कयाक घेऊन महासागर ओलांडणाऱ्यांचा इतिहास चाळताना आम्हांस हा शब्द वारंवार आठवला. या माणसांना लाटांइतकेच त्यांच्या आसनाने छळले आहे.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील शिकाऱ्यांची, सीलच्या कातड्याने मढवलेली चिंचोळी होडी. ती ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापाने बांधली जाई. ग्रीनलंडच्या परंपरेत लांबी सुमारे तीन वाव, रुंदी कमरेहून दोन मुठी अधिक, आणि वल्हे एक वाव व वर एक हात, अशी मापे सांगितली जातात. शिकारी तळावरच्या कातड्यावर पाय लांब करून बसे व मांड्या वरच्या वक्र तुळईला टेकवी. यातले मर्म असे की, वल्ह्याचा जोर केवळ दंडांतून येत नाही. तो कमरेपासून धड फिरवल्याने येतो आणि बूड, मांड्या व तळवे यांच्या द्वारे होडीस पोचतो. मागे रेलून बसले की धड फिरत नाही, सारा भार खांद्यांवर पडतो आणि पायांना मुंग्या येतात. तेव्हा सुखाने बसणे आणि जोराने वल्हवणे हे दोन प्रश्न नव्हेतच.

१९०७ साली जर्मनीत योहान क्लेपर यांनी घडीच्या कयाकचे हक्क घेतले आणि ती कारखान्यात तयार होऊ लागली. आता होडी माणसाच्या मापाची न राहता माणसाला होडीच्या मापात बसावे लागले. १९२८ मध्ये फ्रान्झ रोमर हे अशाच होडीतून लास पाल्मासहून निघून ५८ दिवसांनी वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटास पोचले. शिडाची मदत होती, पण आडवे होण्यास जागा नव्हती. खाऱ्या पाण्याने अंगावर क्षते पडली. त्याच वर्षी ते पुढच्या प्रवासास निघाले व वादळाच्या दिवसांत समुद्रात नाहीसे झाले.

डॉक्टर हानेस लिंडेमान यांनी १९५६ मध्ये सुमारे सव्वापाच मीटर लांबीच्या होडीतून ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. त्यासाठी त्यांनी आधी कित्येक महिने स्वयंसूचनेने मन घडवले होते. होडी उलटली तेव्हा एक अख्खी रात्र त्यांनी तिच्या पालथ्या पाठीला धरून काढली. त्यांचा मनोनिग्रह थोरच. पण बसल्या बसल्या झोपणाऱ्या शरीराने त्याची किंमत मोजली.

याउलट ऑस्कर श्पेक यांचा प्रवास पाहावा. १९३२ साली ते जर्मनीतील उल्म येथून निघाले आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याने कोलंबो गाठून, पुढे १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचले. सात वर्षांचा हा प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने झाला, त्यामुळे पुष्कळ रात्री त्यांच्या पाठीला जमीन मिळाली. १९८७ मध्ये एड गिलेट यांनी कॅलिफोर्नियाहून हवाई बेटे ६३ दिवसांत गाठली, तेव्हा त्यांनी दोघांच्या कयाकमध्ये फळ्यांची तळजमीन घातली आणि रात्री दोन्ही बाजूंना हवेचे तरंडे बांधून ते आडवे होत. क्षते त्यांनाही चुकली नाहीत, परंतु पाठ टेकण्याची सोय त्यांनी निघण्यापूर्वीच केली होती.

अशा साहसांच्या कथांत मनाच्या जिद्दीचे गुणगान होते आणि ते योग्यही आहे. मात्र ग्रीनलंडच्या शिकाऱ्याने मुठीने मोजलेली रुंदी आणि गिलेट यांची साधी फळी यांचाही त्या गौरवात वाटा असावा, असे आम्हांस वाटते. बैठक निग्रहाने येते खरी. पण ती टिकते नीट बसल्याने, आणि वेळीच पाठ टेकल्याने.