भुई, फरशी आणि रांगणारं मूल

नवीन घर घेतलं किंवा जुनं घर दुरुस्तीला काढलं, की फरशीची चर्चा सुरू होते. दुकानातून नमुने येतात, रंग भिंतीला जुळतो का ते पाहिलं जातं, पाहुण्यांना आवडेल का याचाही विचार होतो. घरात लहान मूल असेल तर एक प्रश्न वाढतो, "घसरणार तर नाही ना?" प्रश्न योग्यच आहे. पण घरात जमिनीच्या सगळ्यात जवळ कोण राहतं? मोठी माणसं खुर्चीवर, पलंगावर, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. दीड वर्षाचं मूल मात्र जमिनीवरच जगतं. तिथेच खेळतं, तिथेच पडतं, तिथलाच दाणा उचलून तोंडात घालतं. असं असूनही आपल्या घरांतल्या जमिनी कशा बदलत गेल्या हे पाहिलं, तर मुलाचा विचार करून केलेला बदल फारसा सापडत नाही.

सुरुवात अर्थातच मातीच्या भुईपासून. मुरूम आणि माती पसरायची, पाणी शिंपडायचं, देशावर धुमसाने आणि कोकणात चोपण्याने चोपचोप चोपायची आणि मग शेणाने सारवायची. पोपडे निघाले की पुन्हा सारवण. सणवार आला की सारवण. हे सगळं काम बाईचं. कडेवरचं मूल खाली ठेवायचं आणि ओल्या सारवणात ते रांगत येऊ नये म्हणून एक डोळा त्याच्यावर ठेवायचा, अशी ती कसरत असे. माझ्या लहानपणी खेड्यातल्या आमच्या शाळेतही शनिवारी मुली वर्ग सारवत असत. मुलगे शेण आणून देत, सारवायचं मुलींनी. त्या वाटणीबद्दल कुणी प्रश्न विचारला नाही.

आता या भुईच्या आठवणी निघाल्या की आमच्या वयाची माणसं हळवी होतात. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, पडलेलं भांडं फुटत नाही, पडलेल्या मुलाला लागत नाही. यातलं पुष्कळसं खरं आहे. दगड किंवा टाइल पायाची ऊब झटकन ओढून घेते म्हणून गार लागते, माती तसं करत नाही. मूल पडलं तरी "मुंगी मेली बघ!" म्हटलं की काम भागत असे.

पण त्या मुंगीखेरीज भुईत आणखी बरंच काही असे, आणि ते मरत नसे. मुलाने केलेली शू मातीत मुरायची. अंगणातून पायांबरोबर आलेली घाण पुसता येत नसे, फक्त झाडता येत असे. जंतांची अंडी ओलसर मातीत टिकून राहतात आणि मुलाच्या बोटांवरून पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते. शेण जंतुनाशक असतं असं आपण ऐकत आलो, पण धनुर्वाताचे जंतू जनावरांच्या शेणात आणि मातीतच सापडतात. बाळंतपण घरीच, त्याच भुईवर होण्याच्या काळात नाळेवाटे धनुर्वात होऊन किती बाळं गेली असतील! माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारतात झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. त्याचं मुख्य श्रेय लसीला आणि स्वच्छ बाळंतपणाला आहे. पण स्वच्छ जागा हाही त्या स्वच्छ बाळंतपणाचाच भाग.

मातीच्या भुईकडे सरकारचं लक्ष गेलं ते एका मोठ्या संकटात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. रोग्यांच्या घरांतल्या भिंतींना चुना लागला, सामान बाहेर काढून जाळलं गेलं, मातीच्या जमिनी उकरून काढल्या गेल्या. त्या काळच्या जुलमाच्या कथा आपण इतिहासात वाचतो. गंमत, म्हणजे खरं तर दुर्दैव, असं की त्या वेळी रोग पसरतो कसा हेच नीट ठाऊक नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. मग मातीच्या जमिनीचा खरा दोष कळला. तिच्यात उंदराला बीळ करता येतं. पक्की जमीन हा आरोग्याचा प्रश्न झाला तो असा.

पण पक्की जमीन करायची कशाची? इथे रेल्वे मदतीला आली. मुंबईहून सोलापूरमार्गे जाणारी जी.आय.पी. रेल्वे १८७१ साली रायचूरला मद्रासकडच्या लोहमार्गाला मिळाली. वाटेत शहाबाद लागतं. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं, आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला चुनखडीचा दगड मुळातच थराथरांचा, म्हणून सपाट लादी सहज निघते. आगगाडीत बसून ती लादी महाराष्ट्रभर पसरली आणि 'शहाबादी' हा शब्द मराठीच होऊन गेला. दगड पक्का, स्वस्त, पाणी ओतून धुता येणारा. किंचित खरखरीत असल्याने पायही घसरत नसे. दोष दोन. थंडीत ती बर्फासारखी गार, आणि लाद्यांमधल्या दर्जा नीट भरल्या नाहीत तर तिथे मुंग्या आणि मळ यांचं राज्य.

श्रीमंतांच्या आणि साहेबांच्या इमारतींत तेव्हा विलायती फरशा येत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या नक्षीदार फरशा आजही पाहता येतात. स्वदेशीच्या वातावरणात १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या फरशा इथेच होऊ लागल्या. पुढे १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. सिमेंट जसजसं आवाक्यात आलं तसतसा मध्यमवर्गीय घरांत कोबा आला. लाल रंग घालून घोटलेला कोबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची झळाळी सांगायला नको. एकसंध जमीन, ना सांधा ना फट. मात्र एकदा तडा गेला की तो कायमचा.

मग मोझॅक आली. सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे, आणि बसवल्यावर दिवसच्या दिवस घरघरणारं पॉलिशचं मशीन. १९८०च्या दशकात सिरॅमिक आली. 'स्पार्टेक' हे एका कंपनीचं नाव, पण आपण सगळ्याच टाइल्सना स्पार्टेक म्हणू लागलो. त्यानंतर गुजरातेतल्या मोरबीकडून ट्रक भरभरून व्हिट्रिफाइड आली. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, डाग पडत नाहीत, सांधे बारीक, आणि चकाकी अशी की वरचा दिवा खाली दिसावा. दिवाणखान्याची शोभा वाढली. ओल्या पायांनी न्हाणीघरातून पळत येणाऱ्या मुलाची मात्र पंचाईत झाली.

तर या प्रवासात उंदीर, आगगाडी, स्वदेशी, शोभा सगळे भेटले. मूल कुठेच भेटलं नाही. ते भेटलं थेट मेक्सिकोत. तिथल्या कोआविला राज्याने २००० साली 'पिसो फिर्मे', म्हणजे पक्की जमीन, अशी योजना काढली. मातीची जमीन असलेल्या गरीब घरांना सिमेंटची जमीन करून दिली. राज्याच्या सीमेवर शेजारी शेजारी शहरं आहेत. अलीकडच्या शहरात योजना होती, पलीकडच्या राज्यातल्या शहरांत नव्हती, बाकी परिस्थिती सारखीच. संशोधकांनी दोन्हीकडच्या सहा वर्षांखालच्या मुलांची तुलना केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, घरातली सगळी मातीची जमीन सिमेंटची झाली तर मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो. बौद्धिक चाचण्यांतही त्या मुलांची प्रगती दिसली. आणि त्यांच्या आयांचं मन जास्त समाधानी असल्याचं आढळलं. हे वाचलं तेव्हा मला त्या शनिवारी सारवणाऱ्या मुली आठवल्या.

आपल्याकडे २००१ च्या जनगणनेत शंभरातल्या सुमारे ५७ घरांची जमीन मातीची होती, २०११ मध्ये सुमारे ४६. म्हणजे फरशीचा रंग कोणता घ्यावा हा प्रश्न पडणं हेही एक भाग्यच. म्हणूनच भुईच्या आठवणींनी हळवं व्हावं, पण नातवंडांसाठी ती परत आणायचा हट्ट धरू नये. धुता येणारी जमीन ही मुलाला मिळालेली फार मोठी देणगी आहे. तिच्या पुढचे दोष किरकोळ आहेत आणि त्यांना उपाय आहेत.

ते उपाय थोडक्यात सांगते. चकाकी नको, मॅट घ्या. टाइलच्या माहितीत आर-९ ते आर-१३ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. पण ती चाचणी बूट घालून, तेलकट उतारावर करतात. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते, त्यात सी सगळ्यात चांगली. न्हाणीघरासाठी तीच विचारा. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर नमुना घरी आणा, पाणी ओता आणि अनवाणी उभं राहून पाहा. न्हाणीघरात लहान टाइल बऱ्या, सांधे जास्त म्हणून पकडही जास्त. शहाबादी किंवा कोटा निवडलात तर उत्तमच, पण हे दगड चुनखडीचे. लिंबू, चिंच आणि साफसफाईचं ॲसिड यांनी ते खराब होतात. फार खरखरीत फरशीही नको, रांगणाऱ्याचे गुडघे सोलवटतात. गारव्यावर आणि पडण्यावर आपली सतरंजी किंवा गोधडी पुरेशी आहे, फक्त ती दर आठवड्याला धुवा.

आणि विकत घेण्यापूर्वी एकदा दुकानातच गुडघ्यांवर बसून त्या फरशीवर तळहात फिरवून पाहा. दुकानदार हसेल, हसू दे. पुढची दोन वर्षं तुमचं मूल ती त्याच उंचीवरून पाहणार आहे.