गोंडीसाठी किती दाबायचं?

दुकानं, दवाखाने, पतसंस्था यांच्या फोनसाठी मी गडचिरोलीत बसून आवाज रेकॉर्ड करून देतो. 'कृपया प्रतीक्षा करा', मागे बासरी. काम तीस सेकंदांचं, पण वाजतं वर्षानुवर्षं.

या धंद्याचं मूळ एका सैल वायरीत आहे. अमेरिकेत आल्फ्रेड लेवी यांच्या कारखान्यात फोनची तार लोखंडी तुळईला चिकटली. अख्खी इमारत अँटेना झाली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राची गाणी होल्डवरच्या गिऱ्हाइकाला ऐकू येऊ लागली. लेवींनी १९६२ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९६६ मध्ये ते मिळालं. (माणसाला ताटकळत ठेवण्याचंही पेटंट!)

आपल्याकडे मेनू बोलतो, 'मराठीसाठी एक दाबा'. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून जास्त होते. एटापल्ली, भामरागडकडची किती माणसं त्यात असतील! पण गोंडीचं बटण मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं मागितलेलं नाही.

शेजारच्या छत्तीसगडात २०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या फोनवरून एक दाबून आपली बातमी सांगायची, दोन दाबून इतरांची ऐकायची. बंद हातपंप, थकलेली मजुरी, गाणीसुद्धा; आणि तेही गोंडीत.

मी एका पतसंस्थेला म्हटलं, गोंडी ओळ फुकट देतो. साहेब हसले, "गोंडीत फोन करतं कोण?"

ओळ तयार आहे, भामरागडच्या एका माडिया ताईंच्या आवाजात. त्यांचे पैसे मी चुकते केलेत.