हुतात्मा झाले, की मारले गेले?

परवा शनिवारी फोर्टात काम होतं. हुतात्मा चौकात उगाच पाच मिनिटं रेंगाळलो. मशाल धरलेले शेतकरी-कामगार, शाळेत पाठ केलेला १०५ चा आकडा (यादी नंतर वाढली)... आणि डोक्यात शब्दच अडकला.

हुतात्मा म्हणजे आहुती देणारा. पण २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १५ जण गेले. ते मागणी घेऊन आले होते, मरायला नाही. 'मारले गेले' म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कोणी मारलं? 'हुतात्मा झाले' म्हटलं की तो प्रश्नच गुल! तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी, सरकार काँग्रेसचं. १९६१ मध्ये इथे स्मारक झालं तेव्हाही सरकार काँग्रेसचंच. हार घालायला काहीच अडचण आली नाही.

अहमदाबादला मात्र आली. त्याच मुंबई राज्यात, ८ ऑगस्ट १९५६ ला महागुजरात मागणारे विद्यार्थी काँग्रेस हाउसजवळ गोळीबारात मेले. १९५८ साली लोकांनी अगदी तिथेच 'शहीद खांभी', म्हणजे स्मारकस्तंभ, उभारला. आता पक्षाच्या दारातच खांभी म्हटल्यावर बोट कोणाकडे, हे काय सांगायला हवं? सरकारने ती काही दिवसांतच काढून टाकली. पुन्हा गोळीबार, मग २२६ दिवस सत्याग्रह.

तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. आणि १९६१ ला, आपल्या चौकातलं स्मारक झालं तेव्हाचे? तेच.